अचंब्याची रेघ

धनश्री मगदूमने सहा वर्षांत चार हजारांवर बायकांच्या पोटाला श्रवणपट्टा बांधला होता. मिरजेच्या त्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरची जाड भिंतींची खोली तिची. येणारी बाई घाबरलेली असायची. गाव कुठलं, कशाने आलात, घरी कोण कोण असतं, असं काहीबाही धनश्री तिला विचारायची आणि मग सांगायची, "दुखणार नाही हं. पोटातल्याला फक्त सूर ऐकवायचेत."

पट्टा दिसायला कंबरदुखीच्या पट्ट्यासारखा होता. आत अडीचशे संवेदक बसवलेले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा अगदी क्षीण वीज वाहते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. विजेला आईची कातडी, चरबी, गर्भाची कवटी अडवतात. चुंबकीय क्षेत्र आरपार बाहेर येतं. पण ते पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा अब्जावधी पटींनी दुबळं असतं, म्हणून खोलीच्या भिंती जाड, आणि म्हणूनच आत जाताना मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवावं लागे.

पट्ट्यातून सूर जायचे. चार सारखे, पाचवा वेगळा. पुन्हा चार सारखे, पाचवा वेगळा. सूर कानावर पडला की मेंदूत एक छोटी लाट उठते. ती झोपेतही उठते, बेशुद्धीतही उठते. पण मेंदूने आधीचे सूर लक्षात ठेवले असतील, पुढे काय येणार याचा अंदाज बांधला असेल आणि तो अंदाज चुकला, तर जराशा उशिराने आणखी एक लाट येते. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नाव दिलं होतं. मिरजेतल्या बायका तिला अचंब्याची रेघ म्हणायच्या. ज्याला अचंबा वाटतो, तो कुणीतरी असतो. पट्ट्यामागचा सगळा विचार एवढाच होता.

या रेघेवर कायदा उभा राहिला होता. त्याआधी कित्येक वर्षं भांडण चाललं. कुणी म्हणे जीव पहिल्या दिवसापासून, कुणी म्हणे हृदयाचा ठोका पडला की, कुणी म्हणे मूल बाहेर येऊन श्वास घेईपर्यंत निर्णय बाईचाच. आठवड्यांचे आकडे वरखाली होत राहिले. मग पट्टा आला आणि सगळी दमलेली माणसं त्याच्यापाशी येऊन थांबली. रेघ दिसेपर्यंत गर्भ ठेवायचा की नाही हे एकटी बाई ठरवेल. रेघ दिसली, तर बाईच्या जिवाला धोका असेल किंवा मूल जगणारच नसेल, तरच परवानगी. आणि तेव्हा गर्भाला आधी भूल द्यायची, नंतर देह आईबापांच्या हाती द्यायचा, नाव लावून नोंद करायची. त्याअगोदर आईला एक जाणीवपत्र वाचून दाखवलं जाई. 'गर्भाला जाग आलेली आहे हे मला माहीत आहे, ती रेघ मी पाहिली आहे आणि तरीही माझी संमती आहे.' खाली सही.

रेघ बहुतेकदा अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास उमटे. त्यामुळे उशिरा व्यंग कळलेल्या किती तरी बायकांना वेळ मिळाला. धनश्रीचा पट्ट्यावर विश्वास होता. हाताखालच्या तस्लीम मुजावरला काम शिकवताना पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "आपण कुणाला चूक-बरोबर म्हणत नाही. दिसतं ते लिहितो."

लग्नानंतर सात वर्षांनी धनश्रीला दिवस गेले. नवरा तुषार तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात सुपरवायझर होता. तिला तिसरा लागला तेव्हा त्याने शीतगृहातल्या पन्नास माणसांना पेढे वाटले, आणि इतक्या लवकर सांगू नये म्हणून आईची बोलणी खाल्ली.

बाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करताना डॉ. कानिटकर बाई एकाच जागी बराच वेळ थांबल्या. मग यंत्र बाजूला ठेवून त्यांनी धनश्रीच्या पोटावरचं जेल स्वतःच्या हाताने पुसलं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेल्या धनश्रीला तेवढ्यावरून कळलं.

"दोन्ही किडन्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पाणी अजिबात नाही. पाण्याशिवाय फुफ्फुसं वाढत नाहीत, तुला माहीतच आहे."

"पण ठोके तर नीट आहेत," तुषार म्हणाला.

"आत आहे तोवर त्याला काही कमी पडत नाही. वार सगळं पुरवते. बाहेर आल्यावर श्वास घ्यायला जाईल आणि घेता येणार नाही. काही मिनिटं, फार तर तासभर."

ते दोघं घरी आले. तुषारच्या आईला त्याने सगळं सांगितलं. त्या जुन्या वळणाच्या जैन बाई, रात्री पाणी न पिणाऱ्या. बराच वेळ त्या जपाची माळ नुसती हातात धरून बसल्या.

"मी तुला थांबवणार नाही, धनश्री," त्या म्हणाल्या. "भोगायचं तुला आहे. पण जीव आहे की नाही ते पट्टा सांगणार, हे मला पटत नाही. आपण पाणी गाळून पितो ते का? तिथे कुणाला अचंबा वाटतो का ते बघून गाळतो?"

"आई, ते जन्मेल आणि गुदमरेल. मी ते बघत बसू?"

"मी कुठे तसं म्हणते? जीव नव्हता असं म्हणू नका, एवढंच म्हणते."

रात्रीचं जेवण तसंच राहिलं.

स्वतःची नोंद स्वतः वाचायची नाही असा नियम होता. धनश्रीची नोंद तस्लीम घेणार होती. आदल्या दिवशी दोघी गच्चीत डबा खायला बसल्या.

"तेविसावा आहे," तस्लीम म्हणाली. "इतक्या लवकर रेघ दिसत नाही, ताई."

"सहा वर्षांत सहा-सात जणींना दिसलीय."

"चार हजारांत."

धनश्रीने डब्याचं झाकण लावलं. "ती वड्डी गावची बाई आठवते? असंच होतं तिचं. रेघ दिसली. मी तिला जाणीवपत्र वाचून दाखवलं, आणि तिने पेन खाली ठेवलं. पुढे साडेतीन महिने पोट घेऊन हिंडली. वाटेत भेटेल तो कितवा म्हणून विचारायचा. मूल झालं, वीस मिनिटं तडफडलं. त्यानंतर ती कुणाशी बोलेनाशी झाली." ती थांबली. "रेघ आली तर माझीही सही होणार नाही, तस्लीम. मी स्वतःला ओळखते. सही होणार नाही, आणि ते गुदमरताना मला बघवणारही नाही."

तस्लीमने मान हलवली.

सोमवारी सकाळी धनश्री त्या खोलीत पहिल्यांदाच आडवी झाली. सुरांनी आईच्या मेंदूत उठणाऱ्या लाटा नोंदीत मिसळू नयेत म्हणून तिच्या कानात बोळे घातले होते. वरचा पांढरा पत्रा, पट्ट्याचा दाब आणि कसलाही आवाज नाही. पाणी नसल्यामुळे बाळाची हालचालही तिला फारशी कळत नसे. नोंद एरवीपेक्षा जरा लांबली. मग तस्लीमने बोळे काढले आणि तिचा हात धरला.

"काही नाही, ताई," ती म्हणाली. "रेघ नाही."

धनश्री त्याच टेबलावर रडली. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडली, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

बुधवारी सगळं झालं. रेघ नसल्यामुळे जाणीवपत्र नव्हतं, परवानगी देणारं मंडळ नव्हतं, देह हाती द्यायचा प्रश्न नव्हता. मुलगा होता की मुलगी हे कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. गाडीत बसताना तुषारने एकच विचारलं, "नक्की कुणी नव्हतं ना?"

"नव्हतं," धनश्री म्हणाली.

पुढचे महिने त्या एका शब्दावर गेले. तुषार शीतगृहातून उशिरा यायचा, हातपाय धुऊन गप्प बसायचा, आणि मधेच कधीतरी स्वतःशीच म्हणायचा, "कुणी नव्हतंच ना." धनश्री हो म्हणायची. हळूहळू त्याचं विचारणं थांबलं. सोनोग्राफीच्या आधीच घेऊन ठेवलेला लाकडी पाळणा त्याने चुलतभावाकडे पोचवला. उन्हाळ्यात दोघं चार दिवस बदामीला जाऊन आली. तिथे एका देवळाच्या पायरीवर तो पूर्वीसारखा हसला, आणि ते पाहून धनश्रीला वाटलं, आता निभेल.

अकरा महिन्यांनी नोंदी वाचण्याची नवी संगणकप्रणाली आली. राज्यातल्या सगळ्या केंद्रांनी जुन्या मूळ नोंदी तिच्याकडून पुन्हा वाचून घ्यायच्या, जिथे जुना अहवाल आणि नवं वाचन जुळत नाही त्या नोंदी केंद्रप्रमुखाने स्वतः उघडायच्या आणि कारण लिहायचं, असा हुकूम होता. मिरजेच्या यादीत एकतीस नोंदी निघाल्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक. केंद्रप्रमुख म्हणून धनश्रीने एकेक उघडायला घेतली. कुठे बाई खोकली होती, कुठे संवेदक सैल बसला होता. ती कारण लिहायची, 'गोंगाट', आणि पुढे जायची.

एकोणिसावी नोंद तेवीस आठवड्यांची होती. पाणी नाही. सोमवार. तारीख वाचायची तिला गरज नव्हती.

नोंद स्वच्छ होती. इतकी स्वच्छ नोंद तिने फार कमी वेळा पाहिली होती. चार सुरांना चार छोट्या लाटा, पाचव्याला पाचवी, आणि तिच्या मागोमाग, किंचित उशिराने, दुसरी. ती ठळक होती. शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवावी अशी.

तिने पडदा बंद केला आणि तस्लीमला आत बोलावलं. तस्लीमने पडद्याकडे पाहिलं नाही. धनश्रीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने दार लावून घेतलं.

"यादी आली तेव्हाच मला कळलं, ही निघणार," ती म्हणाली.

"भूल दिली होती का?" धनश्रीने विचारलं. तिला आधी तेवढंच हवं होतं.

"दिली होती. मी कानिटकर बाईंना सांगितलं, पाणी नाही, नोंदीची खात्री वाटत नाही, भूल देऊनच करा. केसपेपरवर आहे, ताई. मी स्वतः उभी होते. आधी भूल, मगच पुढचं."

धनश्रीने डोळे मिटले.

"का केलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सही होणार नाही."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून?"

"नाही. तुमच्यावर कशाला टाकू? मी केलं. तुमच्या जागी मी ते माहीत करून घ्यावं आणि तुम्हाला कळू नये, एवढंच त्या वेळी सुचलं. एकीलाच ओझं, असं वाटलं. आता एक शब्द लिहा, गोंगाट. कुणी पुन्हा उघडणार नाही. किंवा आहे ते लिहा. मी नाही म्हणणार नाही."

धनश्रीने काहीच लिहिलं नाही. ती घरी आली आणि तुषार कपडे बदलून बाहेर येईपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहिली. त्याला सांगायचं नाही, असं तिने येताना बसमध्ये तीनदा ठरवलं होतं.

"तुषार, रेघ होती."

त्याला लगेच कळलं नाही. तिने सगळं सांगितलं. तो वेताच्या मोढ्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतं आपण?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तू सही केली असतीस?"

"नसती केली, असं तेव्हा वाटायचं. आता तेही सांगता येत नाही."

"मी म्हणालो असतो, कर," तुषार म्हणाला. "भूल देऊन जाऊ दे, गुदमरायला नको. मी हेच म्हणालो असतो. पण हातात तरी घेतलं असतं ना मी त्याला. एकदा." त्याचा आवाज फुटला. "अकरा महिने मी म्हणतोय कुणी नव्हतं. माझं मीच म्हणत होतो, धनश्री. बाप असून."

दाराशी त्याच्या आई येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी सांगत होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. आत येऊन त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

मग तुषारने विचारलं, "आता नाव लावता येईल?"

येणार होतं. कायद्यात तशी सोय होती. पण त्यासाठी अहवाल बदलावा लागणार होता, आणि खोटा अहवाल देणाऱ्याचा परवाना जाई, खटला होई. तस्लीमच्या घरी तिची अम्मी अंथरुणाला खिळलेली, आणि मिळवती ती एकटी. धनश्रीने हे तुषारला सांगितलं. "तू ठरव," एवढंच तो म्हणाला, पण त्याने ते दुसरीकडे बघत म्हटलं.

दोन दिवस एकोणिसाव्या नोंदीपुढची जागा कोरी राहिली. धनश्री पट्टे बांधत होती, बायकांना गाव विचारत होती. तिसऱ्या दिवशी तिने ती नोंद पुन्हा उघडली. गोंगाट लिहायला तिचं बोट गेलंही. पण त्या लाटेकडे पाहून ते तिला लिहिता येईना. पोटातल्याने आयुष्यात एवढी एकच गोष्ट केली होती, आणि तिलाच आई गोंगाट म्हणणार होती. तिने लिहिलं, 'रेघ स्पष्ट. मूळ अहवाल चुकीचा.' खाली सही केली. मागे एका सहीची तिला भीती वाटली होती. ही सही तिने केली, आणि त्या सहीने तस्लीमचं काम गेलं.

तस्लीमला त्याच आठवड्यात निलंबित केलं. चौकशीत तिने सगळं कबूल केलं, धनश्रीचं नाव कुठेही घेतलं नाही. परवाना पाच वर्षांसाठी गेला, खटला उभा राहिला. इस्पितळातल्या काही जणी धनश्रीशी बोलेनाशा झाल्या. कानिटकर बाई एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "तू बरोबरच केलंस." पण त्यांनीही तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

जन्ममृत्यू कार्यालयात तुषार आणि धनश्री एका बुधवारी गेले. खिडकीतल्या कारकुनाने अहवाल पाहिला आणि आवाज खाली आणला.

"नाव?"

"किरण," तुषार म्हणाला. मुलगा असो, मुलगी असो, चालेल असं नाव त्याने निवडलं होतं. "किरण तुषार मगदूम."

"जाग आल्याची तारीख अहवालावरची घेतो. मृत्यूची तारीख ही." कारकुनाने आकडे भरले. "वय यंत्र आपोआप काढतं. दोन दिवस."

"तेवीस आठवडे," तुषार म्हणाला.

"साहेब, जाग आल्यापासून धरतात. त्याआधीचं यात बसत नाही."

"त्याआधी आम्ही त्याच्यासाठी पाळणा आणला होता."

कारकुनाने कागद छापून खिडकीतून पुढे सरकवला. तुषारने तो दोन्ही हातांत धरला, आणि तसाच धरून तो पायऱ्या उतरला. घरी जाऊन त्याने तो आईच्या पुढ्यात ठेवला.

धनश्री त्याच्याबरोबर घरी गेली नाही. ती तस्लीमकडे गेली. तीन महिन्यांत ती तिथे फिरकली नव्हती. तस्लीम ओसरीवर शिवणयंत्रापाशी बसली होती. शेजारी शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा ढीग. तिला पाहून तस्लीम उठली.

"या, ताई."

"शिव्या दे, हवं तर," धनश्री म्हणाली.

"तुम्ही नाही दिल्यात."

धनश्री ओसरीच्या कडेला टेकली. आतून अम्मीच्या खोकल्याचा आवाज येत होता. तिने पर्समधून कागदाची दुसरी प्रत काढली. तस्लीमने हात पुसून ती घेतली, नाव वाचलं आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा म्हटलं.

"मी माफी मागायला आले नाही," धनश्री म्हणाली. "तुझीही नको. मला ते सहन व्हायचं नाही. मला दुसरंच विचारायचंय. माझ्या कानात बोळे होते, तस्लीम. तुषारने तर पाहिलंच नाही. किरणला भेटलेली तू एकटी आहेस. कसं होतं ते, सांग मला."

तस्लीमने कागद मांडीवर ठेवला.

"पहिली काही मिनिटं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, झोपलंय. मग एकदा पाचवा सूर गेला आणि रेघ उठली. म्हटलं, योगायोग असेल. पुढच्या वेळी पुन्हा उठली. मग तुम्ही शिकवलंत तसं मी करून पाहिलं. पाचही सूर सारखे दिले. तर तेव्हाही उठली, ताई, आणि आधीपेक्षा मोठी. पाचवा वेगळा असतो हे त्याने लक्षात ठेवलं होतं. वेगळा आला नाही, तर ते त्याला खटकलं."

धनश्री ऐकत होती.

"तिथे नोंद पुरी झाली होती. थांबायला हवं होतं मी. पण आणखी चार मिनिटं सूर चालू ठेवले."

"का?"

"ते ऐकत होतं म्हणून."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. धनश्रीने डोळे पुसले नाहीत. ती सरकून तस्लीमच्या जवळ बसली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस."